कुंदाच्या झाडाचे पराग

मुलुंड (पूर्व)
१५ सप्टेंबर

कुंदा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे: तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मी तुला. म्हणून लिहिते आहे. तीन वर्षं लिहिलं नाही, त्यावर इथे काही बोलणार नाही. काम आहे.

तुझ्या दारातला निवडुंग जिवंत आहे का? तो खांबासारखा उंच वाढणारा, राणीच्या बागेतल्या प्रदर्शनातून आणलेला. मी तेव्हा म्हटलं होतं, भाऊ घरच्या झाडाचा तुकडा देतो आहे तर विकतचं कशाला? तू म्हणालीस, मला तुमच्याकडचं काही नको. ठीक. आता त्याच झाडाशी गाठ पडली आहे.

गच्चीवर भाऊची सहा पिंपं आहेत आणि सहाही पिंपांत निवडुंग. अण्णांनी आणलेल्या एका झाडाचे तुकडे लावून त्याने ती वाढवली. यंदा भरपूर कळ्या आल्या. रात्री फूल उमलतं, हाताच्या पंजाएवढं पांढरं. सकाळी ऊन चढलं की मिटतं आणि चार-पाच दिवसांत देठासकट गळतं. भाऊ ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावतो, तरी फळ धरत नाही. धरणार कसं? सहा पिंपं असली तरी झाड एकच आहे, आणि या जातीला स्वतःचे पराग चालत नाहीत. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईला हे कळायला इतके आठवडे लागले. वाकोल्याच्या नंदाकडे आपलाच तुकडा, जोगेश्वरीच्या मीराकडे आपलाच. भाऊने सगळ्या नात्यात एकच झाड वाटून ठेवलं आहे. परकं झाड फक्त तुझं.

फूल आलं की सुयोगबरोबर पाठव. तो घाटकोपरला नोकरीला लागला असं ऐकते. आईचं काम म्हणून पाच स्टेशनं पुढे येईल.

भाऊ बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो.

मालन


२० सप्टेंबर

कुंदा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "एवढ्या वर्षांनी तू फुलासाठी लिहिणार नाहीस. खरं काय ते सांग." बरोबर आहे. सांगते. पण हे वाचता वाचता राजेशरावांना हाक मारून "बघा, मी म्हणत नव्हते?" असं म्हणायला जाऊ नकोस. आधी पुरं वाच.

सहातलं सर्वांत जुनं झाड पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे. बाजूला टॉवर झाल्यापासून त्याला ऊन फक्त बाहेरच्या अंगाने मिळतं, म्हणून ते कठड्यावरून बाहेर झुकलं आहे. फुलं येतात ती तिथे, शेंड्याला. भाऊ कठड्यावर उभा राहतो. रात्री. एका हाताने पाण्याच्या टाकीचा पाइप धरतो आणि दुसऱ्या हातात ब्रश. खाली पाच मजले आहेत.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी बघितलं आणि आमच्या सेक्रेटरींना फोन केला. देवव्रत पाध्ये. माणूस वाईट नाही. दारात उभे राहून म्हणाले, "मालनताई, तो पडला तर पोलीस आधी माझ्या दारात येतील."

मी म्हटलं, "पडला तर तुम्हाला पोलिसांची काळजी?"

"मग कोणाची करू? त्याची काळजी तुम्ही करताय ना? दिसतंय ती!"

हे मला ऐकवलं. मला, कुंदा.

गच्चीचं दार बंद केलं तर तो जेवत नाही. फांदीच छाटावी म्हणून मी कोयता घेऊन वर गेले, तर त्याने झाडाला मिठी मारली. संध्याकाळभर त्याच्या हातातले काटे चिमट्याने काढत बसले होते. शेवटी विचारलं, "फळ धरलं की वर जायचं थांबशील?" तो म्हणाला, "धरल्यावर कशाला जायचं?" आपल्या भावाला खोटं बोलता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून मला फळ हवं आहे. हौस नाही ती.

उत्तरात कर्जतकडच्या त्या केंद्राचं नाव नको. मी डेंग्यूने हॉस्पिटलात पडलेली असताना तू त्याला तिथे नेऊन सोडलंस. तुझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या, घरात माणूस ठेवायला जागा नव्हती, हे सगळं मी ऐकून घेतलेलं आहे. पण त्याला आणायला गेले तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं, आणि मला बघून तो उठून उभा राहिला आणि "मॅडम" म्हणाला. घरी आल्यावरही कितीतरी दिवस मॅडमच म्हणत होता. ते तू ऐकलेलं नाहीस.

फूल पाठव.

मालन


२६ सप्टेंबर

कुंदा,

काल सुयोग डबा घेऊन आला. पोरगा चांगला उंच झाला आहे. भाऊला म्हणाला, "भाऊमामा, काय झकास झाडं आहेत यार! एक नंबर!" आणि भाऊ चक्क हसला. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग डबा उघडला. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं फूल, वर हळद, वर कुंकू, बाजूला दोन तुळशीची पानं.

मी सुयोगकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "मावशी, मी फक्त डबा आणला हां. आई म्हणाली, झाडाचं यंदाचं पहिलं फूल, त्यात नवरात्र, आधी देवीपुढे ठेवते मग ने."

अगं, मी तुझ्याकडे निर्माल्य मागितलं होतं का? पराग पाण्याने मरतात. भिजून त्यांचा चिकट लगदा झाला होता. ब्रशला लागली ती नुसती हळद. पिवळी पूड बघून भाऊला वाटलं, हेच पराग. त्याच रात्री आमच्याकडचं एक फूल उमललं होतं. मी "थांब, थांब" म्हणते आहे तोवर तो कठड्यावर चढलाही. मी खालून बॅटरी धरली. भावाने कठड्यावर उभं राहून फुलाला हळद लावली आणि मी त्याला उजेड दाखवला. त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, आता धरेल. कुंदाचं आहे."

सासूबाई गेल्यावर तुझ्याकडचं देवदेव कमी होईल असं मला वाटलं होतं. वाढलेलं दिसतं.

मालन


१ ऑक्टोबर

कुंदा,

फूल पडलं. भाऊने ते आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "ताई, पडलं." एवढंच. त्यानंतर तो झोपलेला नाही. कॉटवर पडतो, डोळे उघडे. डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली आहे, त्याने हात थरथरतात. थरथरत्या हाताने तो टाकीचा पाइप धरतो, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नसतं. आता लिहिते.

तुझी चिठ्ठी वाचली. सासूबाईंचं नाव मी काढायला नको होतं, मान्य. पण "तुला कोणाच्याच श्रद्धेची किंमत नाही" हे मात्र तू उगाच ओढून आणलंस. देवीला फूल वाहा, माझी ना नाही. आधी पराग काढ, मग वाहा. देवीचं परागांवाचून अडत नाही, भाऊचं अडतं.

आता नीट वाच. फूल पुरतं उमललं की कोरड्या कात्रीने आतल्या केसरांची टोकं कागदावर काप. पंख्याखाली नाही, उडून जातील. थोडा वेळ सुकू दे. मग कोरड्या स्टीलच्या डबीत भर, झाकण घट्ट लाव आणि फ्रिजमध्ये ठेव. बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली. पाणी, हळद, कुंकू, अक्षता, काही नाही.

घाई आहे. आमच्याकडे आता एकच कळी उरली आहे, यंदाची शेवटची. ती गेली की पुढच्या वर्षापर्यंत काही नाही, आणि हा माणूस तोवर रोज रात्री वर जाऊन रिकाम्या फांद्या तपासत बसेल. त्यात सहा तारखेला कोजागिरी. सोसायटीचा कार्यक्रम गच्चीवर असतो. पाध्ये स्वतः येऊन सांगून गेले, "त्या रात्री भाऊ वर नको. लहान मुलं असतात. मी हात जोडतो." मी शब्द दिला आहे.

कळीच्या रंगावरून ती त्याच सुमाराला उमलेल असं दिसतं.

मालन


७ ऑक्टोबर

कुंदा,

तुझी डबी परवा पोचली. पराग कोरडे, सुटे, एकही कण ओला नाही. काम चोख केलंस.

काल रात्रीचं सुयोगच्या कानावर जाईलच; त्याच्याकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

मी ठरवलं होतं की भाऊला घरात ठेवायचं, आपण वर जायचं, जळमटं काढायच्या काठीला ब्रश बांधायचा आणि खाली उभं राहूनच पराग लावायचे. त्याला सांगितलं, "आज मी करते."  बाहेरून कडी घालून मी वर गेले.

गच्चीवर सतरंज्या, दुधाचं पातेलं, कॅरमचे दोन बोर्ड, मुलांचा आरडाओरडा. फूल उमलायला लागलं तसे सगळे त्या कोपऱ्यात जमले. फुलाचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. मी काठी लांब केली, पण टोकाला ब्रश नुसता हलत होता. कुठे लागतोय काही दिसेना. पाकळीला लागला की आत, कळेना. कोणीतरी मागून म्हणालं, "काकू, गदागदा हलवा, लागेल कुठेतरी." लोक हसले.  पराग चिमूटभर, त्यातले किती उडाले कोण जाणे.

तेवढ्यात जिन्याच्या दारात भाऊ. शेजारच्या रतनने कडी काढली होती. तिला बिचारीला वाटलं, चुकून लागली. तो सरळ चालत आला आणि हात पुढे केला. "ताई, दे."

 पाध्ये माझ्याकडे बघत होते. मी शब्द दिला होता, कुंदा, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही, हे या इमारतीत लहान पोरालाही माहीत आहे. पण मी नाही म्हटलं असतं तर सगळे निजल्यावर तो एकटा वर आला असता, हे त्या क्षणी मला लख्ख दिसलं. मी डबी त्याच्या हातात दिली.

तो कठड्यावर चढला तशी एक बाई किंचाळली. दोन-तीन जणांनी मोबाइल वर केले. "मोबाइल खाली!" असं मी ओरडले, आणि पुढे होऊन भाऊच्या पायजम्याची नाडी पकडली. दुसरं काही हाताला लागलं नाही. मनगटाला वेढे दिले आणि कठड्याला पाय लावून मागे रेलले. पाध्ये धावत आले. मला वाटलं, आता शिव्या घालणार. त्यांनी खाली बसून भाऊच्या दोन्ही पोटऱ्या मिठीत धरल्या आणि म्हणाले, "कर बाबा. पण लवकर कर."

त्याने लवकर नाही केलं. ब्रशने आधी फुलाच्या आतून कितीतरी वेळ काहीतरी झाडत, टिपत होता. मला वाटलं, हा इथेच रात्र काढतो. मग पराग लावले. हात थरथरत नव्हते. तुझ्या डॉक्टरांना, माझ्या डॉक्टरांना, कोणालाही विचार, ते का थरथरत नव्हते. मला माहीत नाही.

उतरल्यावर पाध्ये घामाने निथळत होते. भाऊने त्यांना विचारलं, "दूध आहे?"

दूध दिलं. मग पाध्ये मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालनताई, हे शेवटचं. उद्यापासून गच्चीला कुलूप. किल्ली माझ्याकडे. मला दोन मुली आहेत, मी हे पुन्हा करणार नाही." मी "बरं" म्हटलं. माझ्या मनगटावर नाडीचे वळ अजून आहेत.

मालन


१३ ऑक्टोबर

कुंदा,

धरलं.

पाकळ्या सुकून काळ्या पडल्या, पण देठ हिरवा आहे, आणि मागचा भाग फुगून लिंबाएवढा झाला आहे. पाध्येंनी कुलूप काढून दिवसाउजेडी आम्हाला दाखवलं, स्वतः शेजारी उभे राहून. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हं." मी म्हटलं, आता झालं ना? तो "हो" म्हणाला.

त्या रात्री तो झोपला. मीही झोपले. जाग आली तर कॉट रिकामी. जिन्यात सापडला. गच्चीच्या कुलपाला पाठ लावून बसला होता.

"भाऊ, तू म्हणालास, धरल्यावर जाणार नाही."

"वर नाही गेलो. वटवाघळं येतात, ताई. कोणीतरी बसायला हवं."

खोटं बोलला नाही बघ. वर गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी काठीने फळावर मलमलची पिशवी चढवली. उपयोग नाही. रोज रात्री जिन्यात. काल कुलपाची कडी हलवत होता, आवाजाने वरच्या मजल्यावरचे उठले. पाध्येही आले. नुसते जिन्यात उभे राहिले, ते मला जास्त लागलं. फळ धरलं की सुटलो, असं मी धरून चालले होते. फळ म्हणजे याला वर्षभराचं नवं काम झालं. हे फळ पिकेल, मग पुढच्या वर्षी कळ्या, मग पुन्हा कठडा. मी सत्तरीची आहे. नाडी धरून किती वर्षं उभी राहू?

तू काय लिहिशील ते मला माहीत आहे. लिहू नकोस. मला विचार करू दे.

मालन


१९ ऑक्टोबर

कुंदा,

तू केंद्राचं नाव काढलं नाहीस. उलट लिहिलंस की सासूबाईंची खोली रिकामी आहे. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. उत्तर देणार नव्हते. भाऊ माझ्याकडे राहतो, यात मी कधी कोणाचा वाटा मानला नाही.

काल फ्रिज पुसायला काढला. दुधाच्या मागे तुझी स्टीलची डबी. मी ती घासून परत पाठवायला म्हणून ठेवली होती असं मला वाटत होतं. उघडली तर आत पिवळे पराग, कोरडे, कागदाच्या पुडीत नीट बांधलेले. तुझे तर कोजागिरीला संपले. मी भाऊला हाक मारली.

"हे कुठले?"

"आपले. त्या रात्रीच काढून घेतले, लावायच्या आधी."

म्हणजे मी आणि पाध्ये खाली जीव मुठीत धरून उभे असताना हा वर तेच करत होता.

"कशाला?"

"कुंदाच्या झाडाला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिचं झाड पण एकटंच आहे. तिच्याकडे कोण करतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"फळ?"

"कधीच धरलं नाही."

तो आत गेला. मला वाटलं, निजायला गेला. बाहेर आला तो पिशवी भरून. दोन शर्ट, पायजमे, गोळ्यांची पाकिटं, ब्रश. दाराशी खुर्ची ओढून बसला. "जाऊ या," म्हणाला. मी त्याला सांगितलं, असं लगेच जाता येत नाही, आधी विचारावं लागतं. तेव्हापासून दर थोड्या वेळाने विचारतो आहे, "विचारलंस?"

म्हणून विचारते आहे.

सुयोग म्हणतो, तुझ्या झाडाला अजून कळ्या आहेत, आणि उंच कळीलाही स्टुलावरून हात पोचतो. तुझं घर तळमजल्यावर आहे. खाली माती आहे. मला तेवढं पुरे आहे. त्याला घेऊन मी गुरुवारी येते. भाऊबीज आहे म्हणून नव्हे. त्या दिवशी इथे पाणी नाही आणि सुयोगला सुट्टी आहे. तू ओवाळणारच असशील तर ओवाळ, तो बसून घेईल. हळदकुंकू त्याला लाव, परागांना नको.

किती दिवस, ते मी लिहीत नाही. तुझ्याकडे त्याला झोप लागली तर राहू दे. इथलं फळ मी बघते, तसं त्याला सांगितलं आहे. त्याने थोडा विचार करून "चालेल" म्हटलं. तुझं-माझं जे आहे ते आहे, ते एका भाऊबीजेने मिटणार नाही, आणि मिटल्यासारखं दाखवायला मला जमणारही नाही. त्याच्यासमोर भांडायचं नाही, एवढं दोघींनी पाळू.

तो अनोळखी जागी पहिल्या रात्री उठून दार शोधतो. हाक मारून चालत नाही, दचकतो. शेजारी बसून राहावं लागतं, न बोलता. हे लिहून कळायचं नाही, दाखवायला लागेल. गुरुवारी रात्री मला ठेवून घेशील का? त्याच्या खोलीत, जमिनीवर सतरंजी टाकलीस तरी चालेल.

मालन